अकराव्या नंबरची मुलगी आणि क्लबची वक्तृत्व स्पर्धा

पहिल्या वर्षीचं मला लख्ख आठवतं ते माईकचं. आधीचा स्पर्धक सोळा वर्षांचा, चांगला उंच. त्याच्या मागून माझी विद्यार्थिनी आली, बारा वर्षांची आणि वयाच्या मानाने लहानखुरी. माईक तिच्या कपाळासमोर. तिने टाचा उंचावून एक वाक्य म्हटलं, टाचा टेकल्या आणि आवाज गेला. पुन्हा टाचा, पुन्हा अर्धं वाक्य. घड्याळ मात्र चालू झालेलं. तेवढ्यात क्लबचे एक वयस्कर सदस्य मागच्या रांगेतून उठून आले, त्यांनी माईकची दांडी खाली घेतली आणि टाइमकीपरला म्हणाले, "हिची वेळ पहिल्यापासून धरा." मग तिच्याकडे वळले, "बाळ, तूही पहिल्यापासून कर. आम्हाला काही ऐकू आलं नाही आणि आम्हाला ऐकायचंय."

लहान गटाच्या स्पर्धकासाठी माईक खाली घ्यायचा, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, ही माझी तक्रार. आणि तो माणूस उठून आला, म्हणून मी पुढच्या वर्षी परत गेले.

मी भाषा शिकवते. या सेवा क्लबच्या, म्हणजे रोटरी किंवा लायन्ससारख्या समाजसेवा करणाऱ्या क्लबच्या, स्पर्धेला दोन वर्षं मुलांना घेऊन गेले, तिसऱ्या वर्षी त्यांनी मलाच टाइमकीपर म्हणून बसवलं. क्लबचं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही कडक गोष्टी लिहिणार आहे आणि सांगितल्यावर त्यातल्या बऱ्याच त्यांनी सुधारल्यात. पण आपल्या मुलाला अशा स्पर्धेला पाठवावं का, असा प्रश्न पालक मला सारखा विचारतात, म्हणून हे सविस्तर.

स्वरूप साधं आहे. दोन गट, दहा ते तेरा आणि चौदा ते सतरा. विषय पंधरा दिवस आधी देतात. बोलायला पाच मिनिटं. चौथ्या मिनिटाला पहिली घंटा, पाचव्याला दुसरी, त्यापुढे अर्धा मिनिट झाला की गुण कापायला सुरुवात. तीन परीक्षक. आशयाला शंभरातले चाळीस गुण, मांडणीला तीस, उच्चार आणि आवाजाला वीस, वेळेला दहा. प्रत्येक गटातून सहा जण पुढे जातात ते शीघ्र वक्तृत्वाला: चिठ्ठी उचलायची, दोन मिनिटं विचार, दोन मिनिटं बोलणं. प्रवेश शुल्क नाही.

सेवा क्लबांनी मुलांच्या भाषणस्पर्धा घेणं ही जुनी परंपरा आहे. ऑप्टिमिस्ट इंटरनॅशनल ही सेवा क्लबांची संस्था १९२८ पासून घेते आहे. बऱ्याच ठिकाणी आखणी साधारण अशीच असते, त्यामुळे माझा अनुभव दुसऱ्या क्लबकडे जाणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

आता तक्रारी. पहिल्या वर्षी स्पर्धा सुरू व्हायला एक तास पन्नास मिनिटं उशीर झाला. पाहुण्यांचं स्वागत, अहवालवाचन, मनोगतं, पुन्हा मनोगतं. प्रमुख पाहुणे अठ्ठावीस मिनिटं बोलले. मी घड्याळ लावलं होतं. समोर तेवीस मुलं बसलेली, ओठ हलवत मनातल्या मनात पाठ म्हणत. दहा वर्षांचं मूल दोन तास पाठांतर तोंडात धरून बसलं की ते शिळं होतं, हे शिकवणाऱ्या कुणालाही कळेल. आणि ज्यांना पाच मिनिटांची शिस्त शिकवायची त्यांच्यासमोर मोठ्या माणसाने अर्धा तास घेणं, हे मला फार लागलं. मी तसं पत्र लिहिलं. दुसऱ्या वर्षी सगळे समारंभ स्पर्धेनंतर ठेवले. तिसऱ्या वर्षी घंटा माझ्या हातात होती आणि अध्यक्षांनी व्यासपीठावरूनच सांगितलं की पाहुण्यांनाही सात मिनिटांची घंटा होईल. झाली. पाहुण्यांनी वाक्य पूर्ण केलं आणि नमस्कार करून बसले. मुलांनी त्या वेळी ज्या टाळ्या वाजवल्या त्या मनापासून होत्या.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि ती अर्धी आम्हा शिक्षकांवर, अर्धी पालकांवर येते. पहिल्या फेरीतली निम्मी भाषणं मुलांची नसतात. मोठ्यांनी लिहून दिलेली, नेटवरून उतरवलेली, सुरुवातीला कुणा थोर माणसाच्या नावावर खपवलेलं एखादं वाक्य, शेवटी एखादी कविता, मधे हात वर करून "नाही, नाही, त्रिवार नाही!" परीक्षकही पहिल्या वर्षी त्यालाच भुलले. खणखणीत आवाजाला मांडणीचे गुण पडत गेले.

यावर मी माझ्या मुलांपुरता एक उपाय करते. रोटरीत चार प्रश्नांची एक कसोटी आहे. हर्बर्ट टेलर नावाच्या उद्योजकाने १९३२ मध्ये डबघाईला आलेली कंपनी सावरताना ती लिहिली आणि १९४३ मध्ये रोटरीने स्वीकारली. हे खरं आहे का, संबंधित सर्वांना न्याय देणारं आहे का, यातून सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सर्वांच्या हिताचं आहे का. अनेक रोटरी क्लब याच कसोटीवर मुलांची भाषणं घेतात. मी मुलांना फक्त पहिला प्रश्न पेन्सिलीने प्रत्येक वाक्याशेजारी लिहायला लावते. "हे खरं आहे का, आणि तुला कसं माहीत?" माझ्या एका मुलाच्या दोन पानी भाषणातली सात वाक्यं उरली. तो रडवेला झाला. त्या सात वाक्यांवर आम्ही नवीन भाषण उभं केलं आणि ते त्याला पाठ करावंच लागलं नाही.

खरी स्पर्धा शीघ्र वक्तृत्वात दिसते. दुसऱ्या वर्षी एका पंधरा वर्षांच्या मुलाला 'रांग' ही चिठ्ठी आली. पहिली वीसेक सेकंद तो नुसता उभा. मला वाटलं, गेलं. मग तो म्हणाला की आजीला दवाखान्यात घेऊन गेलो होतो, तिथे आमचा नंबर बराच मागे होता. "पुढे काय चाललंय ते मागच्याला कळत नाही. म्हणून मागचा चिडतो. त्याला उभं राहायचा त्रास नसतो, न कळायचा त्रास असतो." पुढची दीड मिनिटं तो एवढ्या एकाच गोष्टीवर बोलला. हातवारे नाहीत, कविता नाही. सभागृहात चुळबूळ थांबली होती.

त्याला दुसरा नंबर मिळाला. पण महिन्याभराने क्लबचं नेत्रतपासणी शिबिर होतं आणि स्पर्धा ऐकलेल्या एका सदस्य बाईंनी त्या मुलाला फोन करून बोलावून घेतलं. काम एकच दिलं. दर दहा मिनिटांनी रांगेच्या टोकापर्यंत चालत जायचं आणि सांगायचं की आत कितवा नंबर चालू आहे, अजून साधारण किती वेळ लागेल. मी गेले होते बघायला. सुरुवातीला तो पुटपुटत होता. म्हाताऱ्या माणसांना ऐकू येईना. दुपारपर्यंत तो थांबून, समोरच्याच्या डोळ्यांकडे बघून, हळू आणि स्पष्ट बोलायला लागला होता. क्लबने त्या मुलाचं बोलणं मन लावून ऐकलं होतं आणि त्याला त्याच्याच विचाराचं काम दिलं होतं. मी बऱ्याच स्पर्धांना मुलं नेते. बक्षीस देऊन मुलाला विसरून जाणं हीच सगळीकडची रीत.

बहुतेक सेवा क्लबांची मुलांसाठी वेगळी शाखा असते. किवानिस या सेवा संघटनेचा की क्लब १९२५ पासून आहे, लायन्सचा लिओ १९५७ पासून, रोटरीचा इंटरॅक्ट १९६२ पासून. या क्लबचीही आहे. स्पर्धेत भाग घेतलेल्या प्रत्येक मुलाला, नंबर आलेला असो वा नसो, तिथे यायचं आमंत्रण मिळतं. जुने चष्मे गोळा करून नंबराप्रमाणे लावणं, ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं चिकटवणं, रक्तदानाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर बसणं, अशी कामं असतात. ती ठीक आहेत. कधी कधी मुलांना नुसतं फोटोपुरतं उभं केलं जातं तेही मी पाहिलंय आणि ते मला आवडत नाही.

पण एक काम असं आहे की त्यासाठी मी हा सगळा प्रपंच मांडला. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करणं.

माईकची ती लहानखुरी मुलगी पहिल्या वर्षी तेविसातून अकरावी आली होती. तिला रेकॉर्डिंगला घेतलं. पहिल्या नंबरचा मुलगाही आला होता. त्याचं पान तीनदा पुन्हा करायला लावलं, कारण त्याचा आवाज प्रत्येक वाक्यात चढायचा आणि ऐकणाऱ्याला अभ्यास करायचा होता, भाषण ऐकायचं नव्हतं. हिचा आवाज एका पट्टीतला, शांत. पान क्रमांक सांगायचा, शीर्षक सांगून क्षणभर थांबायचं, कंसातला मजकूर कंस आहे असं सांगून वाचायचा, हे ती दोन दिवसांत शिकली. अडली ती भूमितीला. पुस्तकात लिहिलं होतं, "आकृतीत दाखवल्याप्रमाणे." तिने ते तसंच वाचलं.

रेकॉर्डिंग तपासायला एक चौदा वर्षांचा दृष्टिहीन मुलगा येतो. त्याने तिथे थांबवलं आणि विचारलं, "कुठे दाखवलंय?"

ती गप्प. मग म्हणाली, "एक त्रिकोण आहे."

"कसा आहे? त्याची कुठली बाजू खाली आहे?"

तिने सांगायला सुरुवात केली. एक आडवी रेघ. तिच्या डाव्या टोकाला क, उजव्या टोकाला ख. "आता क पासून वर जा. सरळ नाही, जरा उजवीकडे झुकत." तो मुलगा टेबलावर बोट फिरवत होता. ती त्याच्या बोटाकडे बघत बोलत होती, बोट थांबलं की थांबत होती, भलतीकडे गेलं की वाक्य बदलत होती. साडेतीन इंचांच्या एका त्रिकोणाला त्यांना वीस मिनिटं लागली. शेवटी रेकॉर्ड झालेलं वर्णन सव्वा मिनिटाचं होतं आणि त्यातला एकही शब्द काढता आला नसता. ऐकणाऱ्याकडे बघून बोलायचं म्हणजे काय, हे मी तिला वर्षभर वर्गात सांगत होते. ते तिला त्या टेबलाशी समजलं.

मी मुलांना हेलन केलर यांची गोष्ट यासाठीच सांगते. एकोणीस महिन्यांच्या असताना त्यांची दृष्टी आणि श्रवणशक्ती गेली. १८९० मध्ये त्या सेरा फुलर या शिक्षिकेकडे बोलायला शिकू लागल्या, शिक्षिकेच्या चेहऱ्याला आणि ओठांना हात लावून. ३० जून १९२५ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सीडर पॉइंट इथे लायन्सच्या अधिवेशनापुढे त्यांनी भाषण केलं आणि तुम्ही अंधांचे रक्षक व्हा, असं आवाहन केलं. लायन्सची स्थापना १९१७ ची, म्हणजे संघटना तेव्हा जेमतेम आठ वर्षांची. दृष्टीसाठीचं काम तेव्हापासून तिची ओळख झालं. एका भाषणाने काय होऊ शकतं याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एक उणीव अजून राहिली आहे. पहिल्या वर्षी मुलांना फक्त निकाल कळायचा. अकरावी आली म्हणजे कुठे कमी पडले, हे तिला कुणी सांगितलं नाही. पत्रानंतर दुसऱ्या वर्षापासून गुणांची चिठ्ठी द्यायला लागले. चांगलं झालं, पण आकड्यांवरून मुलाला काय करायचं ते कळत नाही. भाषणाचा सराव करण्यासाठीचे टोस्टमास्टर्स क्लब १९२४ मध्ये राल्फ स्मेडली यांनी सुरू केले. तिथे ठरवून केलेल्या प्रत्येक भाषणानंतर दुसरा सदस्य उठून काय जमलं आणि काय सुधारता येईल ते बोलून दाखवतो. बोलताना किती वेळा "अं" झालं ते मोजणाराही एक जण असतो. आपल्याला तेवढं नको, पण परीक्षकांनी प्रत्येक मुलासाठी दोन ओळी लिहाव्यात, एक जमलेल्या गोष्टीची आणि एक पुढच्या वेळेसाठी. तेवीस मुलांच्या सेहेचाळीस ओळी. मी या वर्षी कोरे कागद छापून परीक्षकांच्या टेबलावर ठेवले होते. तिघांपैकी दोघांनी भरले. तिसऱ्यांना मी पुढच्या वर्षी आधी जाऊन भेटणार आहे.

पाठवा मुलांना. भाषण लिहून देऊ नका, विषय मिळाल्यावर पंधरा दिवस त्यांच्याशी त्या विषयावर गप्पा मारा. नाव नोंदवताना क्लबला दोन गोष्टी जरूर विचारा: गुण आणि शेरा मिळणार का, आणि स्पर्धेनंतर मुलाला काय काम देणार. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट येत नसेल तर मुलाला तो दिवस खेळू द्या.

ती मुलगी आता चौदाची आहे आणि रेकॉर्डिंगला येणाऱ्या नव्या मुलांना तीच शिकवते. पहिल्या दिवशी ती एकाच्या हातात आकृती देते, ती इतरांना दाखवायची नाही, फक्त सांगायची. बाकीच्यांनी कोऱ्या कागदावर काढायची. मग सगळे कागद शेजारी शेजारी मांडते. एकही आकृती पुस्तकातल्यासारखी आलेली नसते. काढणारे चुकले असं ती म्हणत नाही. सांगणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावते.