१५ हजार डॉलरचा भयपट आणि त्याचा जमाखर्च

सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. तुटपुंज्या भांडवलावर चित्रपट काढणारे अनेक जण नेमके हेच सोंग आणू पाहतात आणि ते पहिल्या दहा मिनिटांत उघडे पडते. ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ हा अमेरिकन भयपट मी नुकताच पुन्हा पाहिला, तो हाच प्रश्न मनात धरून. १५ हजार डॉलरमध्ये, म्हणजे त्या वेळच्या भावाने जेमतेम सात लाख रुपयांत उभ्या राहिलेल्या या चित्रपटात गरिबी दिसते ती कुठे? ती जागोजागी दिसते, पण कुठेच खटकत नाही, असे माझे प्रामाणिक मत झाले.

दिग्दर्शक ओरेन पेली हा मूळचा सॉफ्टवेअर क्षेत्रातला माणूस. सॅन दिएगो येथील स्वतःच्या राहत्या घराची त्याने रंगरंगोटी आणि डागडुजी केली, तेच चित्रीकरणाचे ठिकाण ठरवले आणि २००६ मध्ये अवघ्या सात दिवसांत काम उरकले. केटी फेदरस्टन आणि मायका स्लोट या दोन अपरिचित कलावंतांना लिहिलेले संवाद दिलेले नव्हते. प्रसंग समजावून सांगितला की ते आपल्या शब्दांत बोलत. घरात रात्री काय घडते ते टिपण्यासाठी नायकानेच कॅमेरा आणला आहे, अशी कथा असल्यामुळे हलणारी चित्रे, घरगुती दिव्यांचा उजेड आणि पार्श्वसंगीताचा अभाव या तिन्ही गोष्टी कथेच्याच मागण्या होऊन बसतात. जिथे पैसा नव्हता तिथे पैशाची गरजच उरू नये, अशी ही रचना आहे आणि माझ्या मते चित्रपटाचे सगळे यश तिच्यात आहे.

झोपण्याच्या खोलीतले दृश्यच घ्या. कॅमेरा तिकाटण्यावर स्थिर आहे, पलंगावर दोघे झोपलेले आहेत, डावीकडे दार उघडे असून पलीकडे अंधारलेला बोळ दिसतो आणि पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळाचे आकडे भराभर पळत आहेत. अचानक ते आकडे नेहमीच्या गतीवर येतात. काही होणार हे एवढ्यावरूनच कळते आणि आपली नजर त्या दारावर खिळते. दार वीतभर सरकते, थांबते आणि पुन्हा जागेवर जाते. त्या वीतभर हालचालीला कितीसा खर्च आला असेल? तरीही जमिनीवर पसरलेल्या पावडरीत उमटलेली पावले येईपर्यंत मी खोलीतला दिवा लावून बसलो होतो. दिवसाचे प्रसंग मात्र तितके जमलेले नाहीत. जोडप्याची तीच ती भांडणे मध्यंतरी रेंगाळतात आणि ८६ मिनिटांची लांबीही तेव्हा जास्त वाटते.

आता पैशाकडे येतो, कारण या चित्रपटाची ख्याती त्यावरच उभी आहे. जगभरातून सुमारे १९ कोटी ३० लाख डॉलरचा गल्ला, त्यापैकी जवळपास १० कोटी ८० लाख एकट्या उत्तर अमेरिकेतून. १५ हजारांशी भागाकार केला तर जवळजवळ १३ हजार पट. हा भागाकार सर्रास सांगितला जातो, परंतु तो पुरा हिशेब नव्हे. तिकिटाच्या पैशातला निम्म्याच्या आसपास वाटा चित्रपटगृहांकडे राहतो. हक्क विकत घेण्यासाठी पॅरामाउंट या स्टुडिओने लाखो डॉलर मोजले. शेवट बदलण्यात आला. शिवाय २००९ साली अमेरिकेतील बहुतेक पडदे फिल्मवरच चालत असल्याने प्रत्येक पडद्यासाठी स्वतंत्र प्रिंट काढावी लागे. हे सारे वजा केल्यावरही नफा प्रचंडच उरतो. मात्र नवख्या निर्मात्याने १५ हजारांचा आकडा पाहून उडी घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे, कारण तो आकडा चित्रपट बनवण्याचा आहे, लोकांपर्यंत नेण्याचा नाही.

लोकांपर्यंत नेण्याची रीत तर खास अभ्यासावी अशी आहे. स्टुडिओला आधी हीच गोष्ट मोठ्या खर्चात नव्याने करायची होती. चाचणी खेळात प्रेक्षक उठून जाऊ लागले तेव्हा चित्रपट पडला असेच वाटले. लोक घाबरून बाहेर पडत होते, हे नंतर उमगले. मग २५ सप्टेंबर २००९ रोजी फक्त १३ महाविद्यालयीन शहरांत, तेही मध्यरात्रीच्या खेळांपासून, आरंभ झाला. आमच्या गावी चित्रपट आणा, अशी मागणी इंटरनेटवरून नोंदवायची सोय होती आणि दहा लाख मागण्या आल्यास देशभर प्रदर्शन करू, असे जाहीर झाले. ती संख्या काही दिवसांतच गाठली गेली. त्याच सुमारास केवळ १६० चित्रपटगृहांतून एका आठवडाअखेरीस सुमारे ७९ लाख डॉलर जमले, म्हणजे दर चित्रपटगृहामागे ४९ हजारांच्या वर. जाहिरातीवर पैसा ओतण्याआधी मागणी मोजून घेण्याचा हा शहाणपणा मला चित्रपटाइतकाच मोलाचा वाटतो.

पुढच्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या भागाचा निर्मितीखर्च सुमारे ३० लाख डॉलर, म्हणजे पहिल्याच्या २०० पट होता, आणि गल्ला १७ कोटी ७० लाखांच्या घरात गेला. धंदा म्हणून तोही उत्तमच. त्यात घर मोठे झाले, कॅमेरे वाढले, माणसे वाढली. पण मला पहिल्या भागातल्या त्या एका दारासारखे काही त्यात सापडले नाही.