आठ महिने मनगटावर बांधून फिरल्यावर: स्मार्ट बँडचा रिव्ह्यू

बॅटरी मस्त, पट्टा बरा, स्क्रीन उन्हात दिसते, ते सोडा. मी घेतला होता तो 'एआय तुमचं वागणं ओळखतो' या जाहिरातीला भुलून, तर त्याबद्दलच लिहिते.

चालणं, पळणं अगदी अचूक ओळखतो, मान्य. पण बाळाला बाबागाडीत घालून पाऊण तास फिरवून आणलं, हात दांडीवर स्थिर, तर स्टेप्स जेमतेम 300, आणि घरी येऊन बसल्या बसल्या टॉवेल झटकून घड्या घातल्या तर लगेच धडाधड वाढल्या! कारण साधंय, आत अ‍ॅक्सेलरोमीटर आहे, त्याला फक्त मनगटाचा हलका-जोराचा झटका कळतो, पाय कुठे आहेत ते त्याला काय माहीत.

झोपेचं तर विचारूच नका. रात्री दीड वाजेपर्यंत छताकडे बघत पडले होते, सकाळी ॲप म्हणतं 'गाढ झोप'. झोपेचे टप्पे नीट बघायला लॅबमध्ये डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी मोजतात, हा बिचारा हालचाल आणि हिरव्या लाइटने पकडलेले हृदयाचे ठोके यावरून अंदाज बांधतो, त्यामुळे गपचूप पडलेला माणूस त्याला झोपलेलाच वाटतो.

स्ट्रेसचा आकडाही ठोक्यांमधल्या अंतरावरूनच काढतात म्हणे. भाचीबरोबर हसून हसून पोट दुखलं तेव्हा 'दीर्घ श्वास घ्या' असं आलं, आम्ही अजून हसलो.

पाचपैकी तीन स्टार. एक बॅटरीचा, दोन चालण्याचे.