१०८ रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरची पगारवाढ: ठेक्यातून की थेट खात्यात?

धडगावहून नंदुरबारला पेशंट आणायचा म्हणजे चांदसैली घाट. पावसाळ्यात दरड आली की ड्रायव्हर आधी खाली उतरून दगड बाजूला करतो, मग गाडी काढतो. त्याचा पगार वाढावा, याला कुणाचाच विरोध नाही. भांडण आहे ते पैसे कुठून यायचे, यावर.

पहिला मार्ग ठेक्याचा. राज्यात १०८ सेवा २०१४ पासून ठेक्यानेच चालते. सरकारने ठेकेदाराला द्यायचा दर वाढवला की झालं, नवी पदं काढायला नकोत. पण त्या दरात डिझेल, टायर, औषधं, पगार सगळं एकत्र. वाढीतलं ड्रायव्हरच्या हाती किती पडलं, ते कळायला त्याची पगारचिठ्ठीच बघावी लागते. शिवाय वरचं बिल अडकलं की खालचा पगारही लटकला.

दुसरा, राष्ट्रीय आरोग्य अभियानातून थेट खात्यात. तिथे केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. आधी मंजुरी लागते, म्हणून वाढ उशिरा येणार. आणि उद्या हेच लोक कायम करा म्हणतील, ही वित्त खात्याची धास्ती. तरी मला हाच बरा वाटतो. किमान आकडा तरी उघड राहतो.

(जिल्हा नियोजनाच्या पैशांतून गाड्या येतात, नारळ फुटतो, फोटो निघतो. गाडी चालवणाऱ्याचं काय, हे त्या दिवशी कोणी विचारत नाही.)

ठेकाच ठेवायचा असेल, तर पगाराची रक्कम करारात वेगळी लिहा. बँकेची पावती जोडल्याशिवाय पुढचं बिल काढू नका.