टॉर्सो विचारला तर म्हणे ६५ लिटर : लोड फ्रेमच्या नावाखाली गेलेले २९,६७९ रुपये

जड सामान पाठीवर वाहायची फ्रेमवाली बॅग जाहिरात पाहून घ्यायला गेलो आणि फसलो. आकडा आधीच सांगून टाकतो. १८,५०० अधिक १,१८० अधिक ९,९९९. एकूण २९,६७९ रुपये. यातले १२,००० आमच्या भंडारा लावणाऱ्या मंडळाच्या वर्गणीचे होते, म्हणून माझं नाव देत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि त्यांचं हसून झालेलं आहे. "एवढे शिकलेले असून फसलेच कसे?" असं विचारणाऱ्यांनी आधी शेवटपर्यंत वाचावं.

नागद्वारला जाणाऱ्या नागपूरकरांना आमची अडचण सांगायला नको. नागपंचमीच्या आधी पचमढीच्या डोंगरात ही यात्रा भरते. एरवी व्याघ्र प्रकल्पामुळे बंद असलेली वाट तेवढ्या दिवसांपुरती उघडते आणि विदर्भातली मंडळं ठिकठिकाणी भंडारे लावतात. गाडी जिथं सोडते तिथून पुढे काजळीकडे पीठ, तेल, डाळ, ताडपत्र्या, गंज म्हणजे मोठी पातेली, सगळं पाठीवर. वरून पाऊस, खाली चिखल. पिठाचा कट्टा, म्हणजे पोतं, डोक्यावर घेऊन लोखंडी शिड्या चढणारी आमची पोरं मी पाहिली आहेत. ट्रेकिंगची साधी सॅक इथं कामाची नाही. कट्टा आत मावत नाही, आणि बाहेर बांधला तर मागे लोंबतो आणि माणसाला मागे ओढतो.

म्हणून मी वाचायला लागलो आणि अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या बॅगांपाशी पोचलो. तिकडे परवाना काढून शिकार चालते. रस्त्यापासून मैलोन्‌मैल आत हरीण किंवा एल्क (हरणाचीच एक मोठी जात) मारला की त्याचं मांस पाठीवरूनच आणावं लागतं. एका एल्कचं मांस एका माणसाच्या एका खेपेत निघतच नाही. त्यामुळे त्यांच्या बॅगेत फ्रेम वेगळी आणि पिशवी वेगळी असते. पिशवी सैल करायची, जड गठ्ठा फ्रेम आणि पिशवीच्या मधल्या लोड शेल्फवर, म्हणजे ओझं टेकवायच्या फळीवर ठेवायचा आणि वरून पट्टे आवळायचे. वजन पाठीच्या कण्याला चिकटून राहतं आणि रुंद पट्ट्यातून कमरेवर उतरतं, खांद्यावर थोडंच येतं. मांस वाहायच्या फ्रेमवर भंडाऱ्याचं पीठ चढणार म्हटल्यावर मंडळातल्या एका काकांनी नाक मुरडलं. मी म्हटलं, काका, वापरलेली घेत नाही, कोरी घेतो.

कोरी म्हणजे किती? चांगल्या अमेरिकन कंपनीची फ्रेम आणि बॅग मिळून पाचशे ते सातशे डॉलर, वर पाठवणी आणि कस्टम वेगळं. आपल्याकडे दुकानात ती दिसतच नाही. अशात जाहिरात दिसली : "कोलोरॅडोहून आणलेली, एकदाही न वापरलेली हंटिंग पॅक, फ्रेमसकट, नागपूर." किंमत २४,०००.

लोक सांगतात की फार स्वस्त दिसलं की संशय घ्या. अहो, फार स्वस्त नव्हतंच ते! तीन हजाराला टाकली असती तर मीही ओळखलं असतं. त्या हरामखोरानं घासाघीससुद्धा खऱ्या माणसासारखी केली. २४ वरून २१, मग "भाऊ, मला पण काही राहू द्या ना", मग रुसून दोन दिवस गप्प, मग १८,५००. बोलणं अस्सल आपल्याकडचं, "काय करून राहिले भाऊ, जेवण झालं का?" असं. त्याची गोष्ट अशी : मोठा भाऊ अमेरिकेतून परत आलाय, घर नागपुरात मनीषनगरला आहे, आपण स्वतः नोकरीसाठी हैदराबादला आहोत, बॅगही चुकून तिकडेच आली, म्हणून कुरिअर करावं लागेल. मी म्हटलं, मनीषनगरच्या घरी येऊन भावाला भेटतो. तर म्हणे, भाऊ सध्या पुण्याला गेलाय, आई एकटीच असते, अनोळखी माणसाला दार उघडत नाही. आता सांगा, कोणाच्या म्हाताऱ्या आईवर शंका घ्यायची? घ्यायची. वस्तू हातात घेऊन पाहिल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही, मग घरात आई असो की आजी.

पण मला आजही झोपू देत नाही ती गोष्ट वेगळीच आहे. मी त्याला विचारलं, "टॉर्सो किती?"

ज्यानं अशी फ्रेम एकदा तरी पाठीला लावली आहे त्याला या प्रश्नाचं उत्तर पाठ असतं. मान खाली वाकवली की मानेच्या मुळाशी जो मणका वर येतो, तिथपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतची पाठीची लांबी म्हणजे टॉर्सो. माणसाच्या उंचीवरून ती कळत नाही. माझा मेहुणा माझ्यापेक्षा चार इंच उंच आहे, आणि टॉर्सो दोघांचाही १९ इंच. हे माप चुकलं की कमरेचा पट्टा पोटावर तरी येतो नाहीतर खाली घसरतो, आणि मग पन्नास हजाराची फ्रेमही हमालाच्या दोरीइतकीच उपयोगाची. म्हणून हा पहिला प्रश्न.

त्याचं उत्तर आलं : "६५ लिटर भाऊ."

मी ते वाचलं, आणि माझ्याच मनानं त्याची वकिली सुरू केली. बिचाऱ्याला माहीत नसेल, वस्तू भावाची आहे, भाऊ शिकारी, हा नोकरदार. एवढंच नाही, त्याला मीच समजावून सांगितलं की टॉर्सो म्हणजे काय, कुठून कुठपर्यंत टेप धरायचा. दहा मिनिटांत उत्तर : "मोजलं भाऊ, १९ इंच." मी माझं माप आधीच्या मेसेजमध्ये लिहून बसलो होतो. ‘कमाल आहे, अगदी माझंच माप!’ म्हणून मी खूश.

फोटोतही सगळं दिसत होतं. खांद्याच्या पट्ट्यावरून फ्रेमच्या वरच्या टोकाकडे जाणारे दोन बारीक पट्टे असतात, लोड लिफ्टर. ते खांद्यापासून वर तिरपे चढायला हवेत, म्हणजे फ्रेम खांद्याच्या बरीच वर हवी. त्याच्या फोटोत ते आडवे होते, फ्रेम खांद्यापाशीच संपत होती. मला वाटलं, फोटो वरून काढला असेल. टॅगवर ७,००० क्युबिक इंच छापलेलं. एका लिटरचे साधारण ६१ क्युबिक इंच, म्हणजे ती बॅग ११५ लिटरची झाली. ६५ लिटर म्हणजे जेमतेम ४,०००. हा भागाकार मी पैसे गेल्यावर केला. जाहिरातीतला प्रत्येक आकडा दुसऱ्या आकड्याशी ताडून पाहा. चोराला वस्तूतलं काही कळत नसतं, तो इकडून तिकडून उचलून चिकटवतो, आणि तिथंच तो सापडतो.

पैसे दिले. वर १,१८० रुपये "वाहतूक विमा, परत मिळणारा". एक हजारावर १८ टक्के जीएसटी म्हणजे बरोबर १,१८०. हिशेब इतका चोख की बायकोनं विचारलं तर मीच तिला जीएसटी समजावला.

पार्सल आलं, हेही लक्षात घ्या. पार्सल आलं म्हणजे माणूस खरा, असं काही नाही. आत पातळ पत्र्याच्या नळ्यांची फ्रेम, जोडांना पॉप रिवेट, कमरेच्या पट्ट्यात स्पंज, आणि लोड शेल्फच्या जागी नुसतं शिवलेलं कापड. पिशवी फ्रेमपासून सुटतच नव्हती. तरी दहा दहा किलोच्या दोन पिठाच्या थैल्या बांधून जिना चढून पाहिला. दुसऱ्या मजल्यावर डावीकडचे रिवेट उडाले आणि एक थैली खाली शेजारच्या वहिनींच्या दारात फुटली.

त्याला फोन केला तर चिडला नाही, उलट हळहळला. "भाऊ, चुकीचा माल गेला, पूर्ण रिफंड देतो." आता पुढचं वाचून मला मूर्ख म्हणाल. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, हे मी माझ्या आईला शिकवलेलं आहे. तो म्हणाला, व्यापारी खात्यातून रिफंड येणार, आधी खातं तपासायला १ रुपया पाठवा, २ येतील. पाठवला. २ आले. मग "पहिला हप्ता ९,९९९" लिहिलेला क्यूआर कोड आला. स्कॅन केला, पिन टाकला, गेले. हिशेब काटेकोर करायचा तर माझं नुकसान २९,६७८ आहे, एक रुपया त्यानं मला जास्त दिला.

आता आपल्या व्यवस्थेबद्दल. त्या रात्री मी त्याच्याशी भांडत बसलो आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन सकाळी केला. तुम्ही असं करू नका. भांडण नंतर, फोन आधी. लगेच कळवलं तर पुढच्या खात्यात रक्कम अडवून ठेवता येते. सकाळपर्यंत ती तिसऱ्या-चौथ्या खात्यात गेलेली असते. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, तो मला आता पाठ आहे.

बँकेत गेलो. खिडकीवरची बाई म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात ना, मग? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे म्हटलं, तर तेही तिनं मलाच ऐकवलं : ग्राहकाच्या हलगर्जीनं गेलं तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. बरं, ठीक. पण मग तुमचं ते फ्रॉड डेस्क कशासाठी आहे? बँक म्हणे पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणे बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट आणा. बँक म्हणे शिक्का मारणारे साहेब रजेवर आहेत.

आणि ठाणं! कोणतं ते सांगत नाही. साहेबांनी प्रिंटआउट हातात घेतली, "हंटिंग पॅक" या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "काय मारून राहिले होते तुम्ही?" मी म्हटलं, साहेब, पीठ वाहायला. "मंग शिकारीची बॅग काहून?" १९७२ पासून वन्यजीव कायदा आहे, शिकारीला बंदी आहे हे मला माहीत आहे, ही बॅग म्हणजे नुसती फ्रेम आहे, मी मंडळाचा खजिनदार आहे, सगळं सांगून झालं. साहेब पेंचपासून ताडोब्यापर्यंत माझा प्रवास विचारत होते. चोर हैदराबादला की झारखंडला, कुणाला देणंघेणं नाही, मी मात्र चितळाचा मारेकरी ठरतो की काय अशी पाळी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड, हे दोन्ही अर्जात लिहून नेलं होतं. गुन्हा दाखल करा म्हटलं. "रक्कम लहान आहे, अर्ज ठेवून जा." २९,६७९ लहान? साहेबांच्या पगारातून एकदा कापून पाहा म्हणावं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मात्र घ्या, भांडून घ्या, पुढे प्रत्येक खिडकीवर तोच मागतात. ग्राहक आयोगात आपल्या गावात दावा करता येतो हे खरं, पण समोरच्याचा पत्ता लागतो. मनीषनगरचा पत्ता मी शोधला. त्या नंबरचा प्लॉट रिकामा आहे, तण माजलंय.

मंडळाचे १२,००० मी खिशातून भरले. घरी विषय निघाला की बायको नुसतं "टॉर्सो" एवढंच म्हणते.

फ्रेमचं काम शेवटी इथंच झालं. इतवारीत लोहा ओळीतून ॲल्युमिनियमचे पाइप आणले, हिंगण्याच्या एका वेल्डरनं आर्गॉन वेल्डिंग करून दिलं, गाडीच्या सीटकव्हर शिवणाऱ्यानं जाड कापडाची पिशवी आणि पट्टे शिवले, कमरपट्टा जुन्या सॅकचा काढून लावला. एका फ्रेमला २,३५० रुपये. १९५२ साली कॅलिफोर्नियात डिक केल्टीनंही ॲल्युमिनियमच्या फ्रेम घरीच बनवून विकायला सुरुवात केली होती, पिशव्या त्याची बायको शिवायची. आमची फ्रेम त्याच्याहून बोजड आहे, पण खांद्याच्या वर पाच इंच जाते, आणि २५ किलोचा कट्टा घेऊन सेमिनरी हिल्सवर पोरं कुरकुर न करता फिरली. खालची फळी थोडी पुढे आणायची आहे, कट्टा बसला की नितंबावर आपटतो.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. विकणाऱ्याचं नाव वेगळं, शहर अमरावती, भाऊ आता कॅनडाहून आलाय, किंमत १९,०००. फोटो तेच आहेत, आडव्या लोड लिफ्टरचे. मी रिपोर्ट केली, अजून हललेली नाही. अमरावती-अकोल्याकडचे कोणी मंडळासाठी फ्रेम शोधत असाल तर त्याला टॉर्सो विचारा, आणि स्वतःचं माप त्याला सांगू नका.