५१८२ की ६०१६? इलाँगेशन बघून ठरवू नका

गाडीच्या पॅनेलसाठी अॅल्युमिनियमचा पत्रा निवडताना बहुतेक जण सर्टिफिकेटवरचं इलाँगेशन, म्हणजे तुटेपर्यंत पत्रा किती टक्के ताणतो ते बघतात आणि तिथेच फसतात, कारण ५१८२-ओ (अॅनिल करून मऊ केलेला) आणि ६०१६-टी४ (तापवून, झटकन थंड करून ठेवलेला) या दोन मिश्रधातूंचा आकडा साधारण २५ टक्क्यांच्या आसपासच येतो, पण डायखाली गेले की दोघं एकदम वेगळे वागतात.

खोल ड्रॉ, म्हणजे पत्रा दाबून खोल कपासारखा पार्ट काढायचा असेल तर आधी आर व्हॅल्यू बघा, म्हणजे ताणताना रुंदी जाडीच्या किती पट आकसते तो आकडा. अॅल्युमिनियमची साधारण ०.६ ते ०.८, डीप ड्रॉ स्टीलची १.५ च्याही वर, म्हणजे आपला पत्रा ताणला की रुंदीपेक्षा जाडीतच जास्त कमी होतो. हे सगळं टेक्स्चरचं काम, म्हणजे दाण्यांचे क्रिस्टल कुठल्या दिशेला वळलेत त्याचं. अॅनिलिंगनंतर (तापवून मऊ केल्यावर) क्यूब टेक्स्चर, म्हणजे क्रिस्टलच्या घनाच्या कडा पत्र्याच्या दिशांना समांतर असणं, वाढलं की रोलिंगच्या दिशेपासून ४५ अंशात आर व्हॅल्यू पडते आणि कपाला ० आणि ९० अंशाला कान, म्हणजे काठावर उंचवटे येतात, उलट रोलिंगचंच टेक्स्चर उरलं असेल तर कान ४५ ला. त्यामुळे सरासरी आकडा पुरत नाही, ०, ४५ आणि ९० या तिन्ही दिशांचे मागाच.

आता क्यूब म्हणजे वाईटच असं अजिबात नाही! ६०१६ मध्ये क्यूब चांगलं असेल तर बेंड आणि हेमिंगला (पॅनेलची कड दुमडून घडी घालायला) फायदाच होतो, घडीवर शिअर बँड, म्हणजे ताण एकवटणाऱ्या अरुंद पट्ट्या कमी बनतात आणि क्रॅक उशिरा येते. ६०१६ ची खरी डोकेदुखी रोपिंग, सारख्या दिशेचे दाणे पट्ट्यापट्ट्यांनी बसले की आडवं ताणल्यावर रोलिंगच्या दिशेने बारीक वळ उठतात आणि ते पेंटखालूनही दिसतात. मिलमध्ये रोलिंगच्या मधे अॅनिलिंग केलं असेल तर या पट्ट्या बऱ्याच मोडतात, हे विचारून घ्या.

५१८२ ला साधारण ४.५ टक्के मॅग्नेशियम, त्यामुळे ताणताना पृष्ठभागावर ल्यूडर्स लाइन्स, म्हणजे दिसणाऱ्या रेषा उठतात. ग्रेन (दाणा) बारीक केला तर त्या वाढतात, जाड केला तर ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, म्हणजे दोन्हीकडून अडचण. म्हणून बाहेरून दिसणाऱ्या पॅनेलला मी ५१८२ घेणार नाही, आतल्या खोल पार्टला मात्र बिनधास्त घेईन.

दिसणारा, हेम होणारा पार्ट असेल तर ६०१६, तो पेंट बेकमध्ये (रंग भट्टीत भाजताना) कडकही होतो. फक्त टी४ पत्रा नुसता पडून राहिला तरी हळूहळू कडक होत जातो, तेव्हा कॉइलची तारीख बघूनच प्रेसवर चढवा.