ह्यांच्या रजेच्या पैशांचा कुणीतरी 'धंदा' करून टाकला

हे नोव्हेंबर २०२१ मध्ये गेले. पुढच्या फेब्रुवारीत ह्यांच्या कंपनीकडून माझ्या नावाने चेक आला. शिल्लक रजेचे आणि बोनसचे मिळून ११,४०० डॉलर. त्यानंतरच्या जानेवारीत, म्हणजे २०२३ मध्ये, त्याच पैशांचा टॅक्सचा कागद आला. ह्यांचा दरवर्षी डब्ल्यू-२ यायचा, म्हणजे इथे अमेरिकेत कंपनी पगार आणि कापलेला टॅक्स दाखवून देते तो कागद. तसाच असेल असं मला वाटलं. पाकीट उघडलं तर आत टेन नाइंटी-नाइन मिसलेनियस, म्हणजे पगाराशिवायच्या उत्पन्नाचा फॉर्म, आणि तिसऱ्या चौकटीत 'अदर इन्कम'खाली तो आकडा. टॅक्स एक पैसा कापलेला नव्हता.

आमच्या घरात रिटर्नचं सगळं हेच बघायचे. मी फक्त सही करायचे. त्यामुळे तो कागद हातात घेऊन मी दोन दिवस नुसती बसून होते. मग मंडळातल्या एका ताईंनी एक नाव सुचवलं. "आपलाच मराठी मुलगा आहे, घरी येऊन करून देतो, आमचंही तोच करतो."

तो आला. चहा घेतला, ह्यांच्या फोटोला नमस्कार केला. आणि कागद बघून म्हणाला, "वहिनी, हा टेन नाइंटी-नाइन आहे. सरकार ह्याला धंद्याचं उत्पन्न धरतं. ह्याच्यावर नेहमीच्या टॅक्सशिवाय आणखी १५.३ टक्के लागतात. सोळाशे डॉलर तरी जातील. पण मी बघतो. दादांचे पैसे आहेत, वाया जाऊ देणार नाही."

ते सोळाशे डॉलर मी कधीच देणं लागत नव्हते. हे मला आठ महिन्यांनी कळलं. आज मी हे लिहायला बसले ते मुख्यतः ह्या एका वाक्यासाठी. १५.३ टक्के हा सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स असतो. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याने सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी तो भरायचा असतो. माणूस गेल्यावर त्याचा राहिलेला पगार, रजा, बोनस कंपनीने पुढच्या कॅलेंडर वर्षात वारसाला दिला, तर त्यातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापतच नाहीत. कंपनी डब्ल्यू-२ सुद्धा देत नाही, टेन नाइंटी-नाइन मिसलेनियसच्या तिसऱ्या चौकटीत दाखवते. म्हणजे ह्यांच्या कंपनीवाल्यांनी अगदी बरोबर केलं होतं. ही रक्कम शेड्यूल वन ह्या रिटर्नला जोडायच्या तक्त्यावर 'इतर उत्पन्न' म्हणून ८झेड ओळीत लिहायची आणि तिच्यावर फक्त साधा आयकर भरायचा. बस. तिथे कुठलाही धंदा नाही आणि धंद्याच्या नफ्या-तोट्याचा तक्ता, म्हणजे शेड्यूल सी, नाही.

पण त्या दिवशी मला हे माहीत नव्हतं, आणि भीती घातल्यावर माणूस विचारत नाही. त्याने ह्यांचं आदल्या वर्षीचं रिटर्न मागितलं, माझ्या बँकेच्या चेकचा फोटो घेतला, अडीचशे डॉलर रोख घेतले. चार दिवसांनी फॉर्म १०४० ची, म्हणजे मुख्य रिटर्नची, दोन पानं पाठवली. आठव्या ओळीत ११,४००, खाली रिफंड २,४५०. तीन आठवड्यांनी माझ्या खात्यात बरोबर २,४५० जमा झाले. संशय घ्यायला जागाच नव्हती. दुसऱ्या पानाच्या तळाशी 'पेड प्रिपेअरर'ची, म्हणजे पैसे घेऊन रिटर्न करणाऱ्याची, चौकट कोरी होती, ती मी पाहिली होती. ती भरलेली असायला हवी हे मला ठाऊक नव्हतं.

ऑक्टोबरमध्ये मी लहान घर बघत होते. कर्ज देणाऱ्यांनी माझ्या सहीने सरकारकडून टॅक्सचा ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सरकारकडे नोंदलेल्या रिटर्नचा उतारा, मागवला, आणि तिथल्या बाईंनी फोनवर सहज विचारलं, "तुमचा कन्सल्टिंगचा व्यवसाय किती वर्षं आहे?"

मी म्हटलं, कुठला व्यवसाय?

त्या रात्री आयआरएसच्या, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याच्या, साइटवर ओळख पटवून मी स्वतः ट्रान्सक्रिप्ट काढला. शेड्यूल सी. एकूण जमा ११,४००. गाडीचा खर्च, ऑफिसचा खर्च, सामान, असं करत ९,८०० वजा. नफा १,६००. ह्यांची गाडी तर मी त्याच्या आधीच विकली होती. शेवटचे दोन महिने हे आजारी असूनही रजा वाचवत होते, "पुढे लागेल" म्हणायचे. त्या रजेला कुणीतरी माझ्या नावावर धंदा म्हणून लावलं होतं आणि तिच्यात खोटे मैल भरले होते. पैशांपेक्षा मला ते जास्त लागलं.

खात्याच्या ट्रान्सक्रिप्टवर ८४६ हा कोड असतो, तो म्हणजे पाठवलेला रिफंड. तिथे आकडा होता ३,४४९. माझ्याकडे आले २,४५०. मला दाखवलेलं रिटर्न एक आणि सरकारला पाठवलेलं दुसरं. रिफंड एकापेक्षा जास्त खात्यांत विभागून घेता येतो, त्यासाठी ८८८८ नावाचा फॉर्म आहे, हे मला एका एनरोल्ड एजंट (आयआरएसचा परवाना असलेल्या टॅक्स सल्लागार) बाईंनी सांगितलं. खोट्या खर्चामुळे वाढलेले ९९९ डॉलर माझ्यापर्यंत आलेच नाहीत. मात्र रिटर्न माझ्या नावाचं असल्यामुळे त्यांचा हिशेब सरकार आधी माझ्याकडेच मागणार.

त्याला फोन केला तर आधी "वहिनी, सगळे असंच करतात" म्हणाला. मग नंबर बंद.

पैसे घेऊन रिटर्न करणाऱ्या प्रत्येकाकडे पीटीआयएन हा आयआरएसचा नंबर लागतो, पी आणि पुढे आठ अंक, आणि त्याने रिटर्नवर सही करायची असते. त्याने माझं रिटर्न मीच घरी बसून भरल्यासारखं माझ्या नावाने पाठवलं होतं. एरवी कुणी आपल्या वतीने ई-फाइल करणार असेल तर आधी ८८७९ फॉर्मवर आपली सही घेतो. तो फॉर्म माझ्यासमोर आलाच नाही. तुमच्यासमोर आला नाही तर तिथेच थांबा. दोन पानांवर समाधान मानू नका, सगळी शेड्यूल्स मागा. आणि रिटर्न गेल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी स्वतः ट्रान्सक्रिप्ट काढून आपल्या प्रतीशी ताडून बघा. त्याला एक डॉलरही लागत नाही.

मी १०४०-एक्स भरून रिटर्न दुरुस्त केलं. व्याज चढत राहू नये म्हणून ९९९ आणि त्यावरचं व्याज भरून टाकलं. १४१५७ आणि १४१५७-ए हे तक्रारीचे दोन्ही फॉर्म पाठवले, सोबत त्याने दिलेली ती दोन पानं आणि बँकेचं स्टेटमेंट जोडलं. पोलिसांतही लिहून दिलं.

ताईंना सांगितलं तेव्हा त्या आधी दुखावल्या. "आमचं तर चार वर्षं तोच करतो, कधी काही झालं नाही." मी वाद घातला नाही, फक्त ट्रान्सक्रिप्ट कसा काढायचा ते फोनवर बसून सांगितलं. परवा रात्री अकराला त्यांचा फोन आला. त्या शाळेत शिकवतात, त्यांचे मिस्टर निवृत्त आहेत. चारही वर्षांच्या रिटर्नवर शेड्यूल सी आहे.