कंपवातावरील भ्रूणपेशी-प्रत्यारोपण : उपचार म्हणून कितपत भरवशाचे?

गोळ्यांचा असर ओसरू लागला की कंपवाताच्या रुग्णांचे नातेवाईक मेंदूत नव्या पेशी सोडण्याच्या उपचाराची चौकशी करू लागतात. आमच्या घरीही ती झाली.

कल्पना सरळ आहे. हालचालींवर नियंत्रण ठेवणारे डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या मध्यमेंदूतील पेशी या आजारात मरतात; म्हणून काही आठवड्यांच्या भ्रूणाच्या मध्यमेंदूतील कोवळ्या पेशी कवटीला छिद्र पाडून सुईने रुग्णाच्या मेंदूत सोडायच्या. स्वीडनमधील लुंड येथे ओले लिंडव्हाल, अँडर्स ब्योर्कलुंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 पासून हे प्रयोग केले. त्या मालिकेतील दोन रुग्ण 15 आणि 18 वर्षांनीही डोपामिनच्या औषधांविना होते, आणि ही गोष्ट मला आजही थक्क करते.

पण मोजक्या रुग्णांच्या यशावर उपचार ठरत नाही. अमेरिकेत 40 रुग्णांवर झालेल्या चाचणीत तुलनेसाठी निम्म्या रुग्णांच्या कवटीला केवळ छिद्र पाडले, पेशी दिल्याच नाहीत. 2001 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा वर्षअखेरीस रुग्णांनी स्वतःच्या प्रकृतीबद्दल दिलेल्या मतांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. हालचालींत सुधारणा दिसली ती साठीच्या आतल्यांत. पुढे प्रत्यारोपण झालेल्यांपैकी 15 टक्के रुग्णांच्या अंगाला औषध कमी किंवा बंद करूनही अनावर हिसके येत राहिले. 2003 च्या दुसऱ्या चाचणीत असा त्रास प्रत्यारोपण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांना झाला.

माझ्या मते मूळ अडचण पुरवठ्याची आहे. एका रुग्णाला अनेक भ्रूणांच्या ऊती लागतात आणि त्या स्त्रीच्या संमतीने, कायदेशीर गर्भपातानंतर, नेमक्या वयाच्या आणि ताज्या मिळाव्या लागतात. युरोपातील ‘ट्रान्सयुरो’ चाचणीत ऊतींअभावी ठरलेल्या शस्त्रक्रिया वारंवार रद्द कराव्या लागल्या. ज्या औषधाची मात्रा दोन रुग्णांत सारखी ठेवता येत नाही, त्याचा परिणाम सारखा कसा यावा?

म्हणूनच आता प्रयोगशाळेत मूलपेशींपासून (ज्यांपासून इतर प्रकारच्या पेशी बनवता येतात अशा पेशींपासून) घडवलेल्या पेशींकडे लक्ष वळले आहे. जपानमधील क्योटोतील 7 आणि उत्तर अमेरिकेतील 12 रुग्णांवरील चाचण्यांचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते आश्वासक असले, तरी रुग्णसंख्या फारच लहान आहे.

आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कंपवातावर मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. आम्हाला मिळालेल्या एका केंद्राच्या माहितीपत्रकात पेशींचा उगमही दिलेला नव्हता. तेव्हा कुणी असे पॅकेज पुढे केले, तर पेशी कुठून आणल्या हे विचारावे आणि चाचणीचा सीटीआरआय (भारतातील वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागावा. तो नसेल तर एक रुपयाही भरू नये.